आईच्या स्कूटरला साइड व्हील लावून घेतली: गुहागर साइडचा रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. घ्या. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच, आणि आईला विचारलंत तर ती तीनच देईल, तिचं कारण वेगळं आहे.

वस्तू काय तर साधी गिअरलेस स्कूटर, बटणस्टार्टची, रस्त्यावर दहा दिसतात त्यातलीच एक, आणि तिच्या मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना लोखंडी फ्रेमवर एकेक जादा चाक. सगळे तिला तीनचाकी म्हणतात, मोजायला गेलात तर चार भरतात. गॅरेज चिपळुणातलं. नाव टाकत नाहीये कारण मालकच म्हणाले ताई नाव-बिव टाकू नका, हातात आहे तेच काम संपत नाहीये. ते खरं आहे, आम्ही भोगलंय. जवळपास कुणी करतं का ते बघायचं असेल तर आपल्या तालुक्यात अशी गाडी चालवणाऱ्या कुणालाही थांबवून विचारा, ते लोक सगळं सांगतात, फ्रेमच्या जाडीपासून मेकॅनिकच्या स्वभावापर्यंत.

आता कुणासाठी घेतली ते, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, आता रिटायर. डावा पाय पोलिओत गेला, दीड-दोन वर्षांची असताना. देशाच्या लसीकरणात पोलिओचा डोस आला १९७९ साली, ती त्याच्या बऱ्याच आधीची. मांडीपासून बुटापर्यंत कॅलिपर, म्हणजे पायाला आधार द्यायचा सळ्या-पट्ट्यांचा सांगाडा, गुडघ्याला लॉक, उजव्या हाताला एल्बो क्रच, म्हणजे कोपराशी आधार असलेली कुबडी. असं तिने आयुष्य काढलं, नोकरी केली, आम्हा दोघांना वाढवलं, त्यात रडगाणं काही नाही. प्रॉब्लेम सुरू झाला पंचावन्नच्या पुढे. चांगला पाय दुखायला लागला, खांदा धरायला लागला, शाळेतून आली की ओटीवर टेकायची ती तासभर उठायचीच नाही. आम्ही म्हणायचो वय झालं. डॉक्टर म्हणाले वय आहेच पण पोस्ट पोलिओ नावाचीही एक भानगड असते, पोलिओ होऊन गेल्यावर कैक वर्षांनी परत अशक्तपणा येतो, ज्या स्नायूंनी इतकी वर्षं दुप्पट काम केलं ते थकतात, आणि ह्यावर जास्त व्यायाम करा हे उत्तर नाही, शक्ती राखून वापरा हे उत्तर आहे. ज्यांच्या घरी पोलिओवाले आई-बाबा आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा. चाला, चाला म्हणून मागे लागू नका.

मग घरात चर्चा. दादा पुण्यात असतो, त्याचं म्हणणं बॅटरीवाली व्हीलचेअर घेऊ, ऑनलाइन बघून ठेवलेली, लिंका पाठवत होता. आमचं घर पालशेतच्या बाजूला, रस्ता वर आणि घर खाली, मध्ये जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चिरे पावसात शेवाळलेले. ती व्हीलचेअर पाखाडी चढणार नाही म्हणजे ती ओटीवरून पडवीत आणि पडवीतून ओटीवर एवढीच फिरणार. बाबांचं म्हणणं रिक्षावाल्याला महिन्याचे पैसे बांधून देऊ. आई कोकमं सोलत बसलेली, सगळं ऐकून घेतलंन आणि म्हणाली, "मला कुठे जायचंय ते कुणी विचारलंत का?" विचारलं. तर म्हणाली बंदरावर मासळी स्वतः बघून घ्यायची आहे, वाचनालयात जायचंय, दाभोळला माहेरी जायचंय, आणि कधीमधी कुठेच नाही, नुसतं सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या मोकळ्या कातळावर, जाऊन यायचंय. "आणि तुमच्यापैकी कुणी बरोबर नको."

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिलंय, कारण आई-वडिलांसाठी असल्या वस्तू घेताना आपण खरेदी करतो आपल्या काळजीसाठी. पडू नये, हरवू नये, दमू नये. व्हीलचेअर हे दादाच्या काळजीचं उत्तर होतं, रिक्षा हे बाबांच्या. ह्या रिव्ह्यूमध्ये मी ह्या गाडीला मार्क देत्ये ते एकाच गोष्टीवर, ती आईला कुणाला न विचारता घराबाहेर काढते की नाही. बाकी मायलेज वगैरे नंतर.

गॅरेजमध्ये गेलो तेव्हा मला पहिली बरी वाटलेली गोष्ट म्हणजे मालक आईशी बोलले. हे ज्यांच्या घरात आहे त्यांना कळेल. लहानपणापासून बघत आलोय, दुकानात, दवाखान्यात, एसटीत, माणसं आईकडे बघून प्रश्न मला विचारतात. आईंना कुठे उतरायचंय? आईंना चहा चालेल? मी सात-आठ वर्षांची असताना पण मलाच विचारायचे, आणि ती बाजूला उभी, चाळीस पोरांच्या वर्गाला गप्प करणारी बाई. ह्या माणसाने मला स्टूल दिलं आणि आईला म्हणाले, बाई, तुम्ही कुठून चढणार, डावीकडून की उजवीकडून? मग तिला उभ्या गाडीवर बसवलं, उतरवलं, परत बसवलं. तिची पद्धत अशी ठरली की उजवीकडून यायचं, सीटवर टेकायचं, गुडघ्याचं लॉक उघडायचं आणि मग डावा पाय हाताने उचलून आत घ्यायचा. त्याप्रमाणे त्यांनी सीटचा फोम कापून ती खाली घेतली, डाव्या बाजूला फुटबोर्ड रुंद करून पायाचा बूट घसरू नये म्हणून पुढे कडा वेल्ड केली, आणि क्रचसाठी उजव्या बाजूला पाइपचा तुकडा आणि वर क्लिप. ती क्लिप रेडीमेड किटमध्ये सीटच्या मागे असते, तिथे बसल्या जागेवरून तिचा हात जात नाही. जी वस्तू घ्यायला दुसरा माणूस लागतो ती असून नसल्यासारखी. हे मेकॅनिकला सांगावं लागलं नाही, त्यालाच माहीत होतं.

किटमध्ये दोन प्रकार येतात. एक सरळ फ्रेमला घट्ट बांधलेली चाकं, आणि दुसरा ज्यात साइडच्या चाकांना पण स्प्रिंग असतात. पहिला स्वस्त. तो गुळगुळीत रस्त्यावर चालेल, आपल्याकडे घेऊ नका. कारण असं की रस्त्यात मध्ये खोलगट जागा आली की दोन्ही बाजूची चाकं काठांवर टेकतात आणि मधलं, म्हणजे इंजिनाचं खरं चाक अधांतरी राहतं. रेस केली की ते नुसतं फिरतं आणि गाडी जागच्या जागी. आईसारख्या माणसाला उतरून ढकलता येत नाही, म्हणजे ती तिथेच बसून कुणी येईपर्यंत वाट बघणार. स्प्रिंगवाल्यात हे पुष्कळ कमी होतं पण शून्य होत नाही. आमच्या शेडच्या तोंडाशीच असा एक खळगा होता, बाबांनी चिऱ्याचे तुकडे आणि खडी टाकून तो बुजवला.

ॲडजस्टमेंटचंही लक्षात ठेवा, कारण हे गॅरेजवाले गडबडीत सांगत नाहीत. साइडची चाकं जास्त दाबून बसवली तर मागच्या चाकावरचं वजन उचललं जातं आणि पावसात ते सटकतं. जास्त वर ठेवली तर गाडी पाळण्यागत डावी-उजवी डोलते आणि नव्या माणसाला घाम फुटतो. मध्ये कुठेतरी जमवायचं असतं, आणि ते बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे बदलतं, त्यामुळे फिटिंगच्या दिवशी जी बसणार तिलाच घेऊन जा, तिच्या ऐवजी पोराने चक्कर मारून उपयोग नाही. दोन्ही साइडच्या चाकांत हवा सारखी ठेवा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते आणि आधीच दुखणाऱ्या खांद्याची वाट लागते.

रिव्हर्सचं किट वेगळं मिळतं, वेगळे पैसे. घ्याच. साध्या स्कूटरवर आपण पाय टेकून मागे ढकलतो तो विचारसुद्धा इथे करता येत नाही. बाजारात भिंतीला तोंड लावून गाडी उभी केली की संपलं. किट, फिटिंग, फुटबोर्ड, रिव्हर्स सगळं धरून जो खर्च आला तो दादाच्या त्या व्हीलचेअरच्या किमतीपेक्षा कमी होता, गाडीची किंमत अर्थात सोडून.

चालवण्याबद्दल. ज्यांनी आयुष्यभर टू-व्हीलर चालवली त्यांना ही आधी जमत नाही, बाबा पहिल्याच वळणाला कठड्याकडे निघाले होते. कारण दुचाकी आपण वळताना कलंडवतो, ही कलंडत नाही, हिला हॅंडलनेच वळवावं लागतं, आणि वेगात वळलात तर हिचं आतल्या बाजूचं चाक उचलतं. आईला दुचाकीची सवयच नव्हती म्हणून ती पटकन शिकली. सड्यावर शिकली. वरती मोकळा सरळ रस्ता, दोन्हीकडे कातळ, गुरं सोडली तर कुणी नाही. मी मागे मागे चालत होते ते तिने बंद करायला लावलं. घाटाच्या उतारावर मात्र सांभाळूनच, साइडच्या चाकांना ब्रेक नसतो, जो काही ब्रेक आहे तो गाडीचा मूळचा. मागे माणूस आणि पायाशी नारळाची पिशवी असेल तर उतार सुरू व्हायच्या आधीच वेग कमी करायचा. खड्डा चुकवणं हा प्रकार विसरा. दुचाकी दोन खड्ड्यांच्या मधून जाते, हिची रुंदी साडेतीन फुटांच्या आसपास, एका चाकाने चुकवलात तर दुसरं त्यात जातंच. साइडपट्टीवर पण उतरवू नका, डांबराची कड आणि माती यात वीतभर फरक असतो आपल्याकडे, गाडी तिरकी होते आणि पोटात गोळा येतो.

फेरीबोटीचं खास लिहिते कारण इकडचे लोक तेच विचारतात. धोपावे-दाभोळ आई जाते. जेट्टीचा उतार, पुढे बोटीची लोखंडी झडप, भरती असेल तर सगळं जवळजवळ एका लेव्हलला येतं आणि काही त्रास नाही. ओहोटीला उतार चांगलाच तीव्र होतो आणि काँक्रीट ओलं, शेवाळी. आईने आता भरती-ओहोटी बघून निघायचं ठरवलंय, कॅलेंडरवर तिथी बघते आणि हिशोब करते, माहेर खाडीकाठचं असल्याने तिला ते येतंच. बोटीवर गेली की गाडीवरून उतरत नाही, हॅंडब्रेकची क्लिप लावते आणि तिथेच बसते, वारा खात. खलाशी लोक चांगले आहेत, पहिल्यांदा धरायला धावले, आता नुसतं येऊ द्या येऊ द्या करतात. रस्त्याने जायचं तर चिपळूणला वळसा घालून अख्खा दिवस. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, तिकिटाचा प्रश्न कधीच नव्हता, प्रश्न त्या पहिल्या पायरीचा असतो, जी जमिनीपासून इतकी वर की कॅलिपरचा पाय तिथे पोचतच नाही. कुणीतरी मागून उचलायचं, कुणीतरी वरून ओढायचं. सवलत घेऊन पण ती दरवेळी कुणाच्या तरी हातातून गेली. गाडीने ती माहेरी एकटी गेली, आजीच्या घराच्या दारात जाऊन हॉर्न दिलान, मामी बाहेर आली आणि तिने पहिलं काय विचारलं असेल? "बरोबर कोण आलंय?"

आता कापलेला स्टार. एक तर वेळ. सांगितलेल्या तारखेला काहीही मिळणार नाही, फोन उचलणार नाहीत, आणि गेलात की चहा पाजून म्हणतील पुढच्या सोमवारी. शिमगा, गणपती ह्यांच्या पुढेमागे तर विचारूच नका. दुसरं गंज. फ्रेम पावडर कोटिंग केलेली असते, दिसायला झकास, पण वेल्डिंगच्या जोडावर पहिल्या पावसातच तांबूस फुटलं. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि उरलेले महिने खारा वारा, हे चिपळूणच्या माणसाला माहीत नाही असं नाही. आता बाबांनी घासून रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा रंग, मारून वर इनॅमल लावलाय, तो टिकलाय. तुम्ही फिटिंगच्या आधीच सांगा की जोडांवर रेड ऑक्साइड मारून द्या. तिसरं, साइडच्या चाकांचे मडगार्ड इतके तोकडे की लाल चिखल सगळा मागच्या माणसाच्या पाठीवर. चौथं, ती चाकं वेगळ्या मापाची असतात, पंक्चरवाल्याकडे त्याची ट्यूब मिळेलच असं नाही, एक जादा ट्यूब डिकीत टाकून ठेवा. आणि महिन्यातून एकदा बोल्ट आवळायचे, आपल्या रस्त्यांवर ते ढिले होतातच. हे सगळं धरून पण मी एकच स्टार कापते कारण माणसाचं काम मनापासूनचं आहे, फक्त कॅलेंडर त्याला वाचता येत नाही.

कागदपत्रं. हे टाळू नका, टाळणारे पुष्कळ आहेत. गाडीत असा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. अपंगांसाठी बदललेल्या गाडीला आधी कायद्यात इनव्हॅलिड कॅरेज म्हणायचे, २०१९ च्या दुरुस्तीत ॲडॅप्टेड व्हेईकल झालं. लायसन्सही त्याच प्रकारचं, डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडायचं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलेलं असलं की सगळीकडे एकच कागद दाखवून भागतं, बहुतेक सवलतींना ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व लागतं. आरसीवर नोंद नसेल आणि उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाला हात वर करणार, आणि नोंद असेल तर उलट प्रीमियममध्ये सवलत मिळते, मागून घ्या, आपणहून कुणी देत नाही. एजंट म्हणेल मॅडम बाईंना आणायची गरज नाही, मी करतो. आईला घेऊन जा. टेस्टच्या ट्रॅकवर ती ऐटीत आठचा आकडा काढते का नाही ते बघायला सुद्धा जा.

घरात काय झालं ते लिहायचं राहिलं, आणि मला वाटतं हे गाडीच्या स्पेसिफिकेशनपेक्षा उपयोगी पडेल, कारण ह्याबद्दल गॅरेजवाला काही सांगत नाही.

बाबांचं काय झालं ते आधी. तीस-बत्तीस वर्षं बाबा म्हणजे आईचे पाय. शाळेत सोडणं, आणणं, बाजार, बँक, लग्नकार्य. मोटरसायकलवर आई एका अंगाला बसायची, कॅलिपरचा पाय सरळ बाहेर, क्रच बाबांच्या पाठीला आडवा. गावातल्या लोकांना तो देखावा पाठ आहे. आणि आता आई सकाळी चावी घेते, "मी जाऊन येत्ये" म्हणते आणि जाते. पहिले काही आठवडे बाबा शेडपर्यंत मागे जायचे, हवा बघितलीस का, पेट्रोल आहे का, रुमाल घेतलास का. मग पाखाडीच्या वरच्या चिऱ्यावर बसून राहायचे. मग फोन. आई फोन डिकीत टाकते, गाडी चालवताना उचलत नाही, जे बरोबरच आहे, पण बाबा एकामागून एक कॉल करून मला चिपळूणला ऑफिसात फोन करायचे की ती उचलत नाहीये. त्यात राग पण होता हो, मी लपवत नाही, त्यांना वाटायला लागलं आपली गरज संपली. ज्या घरात एक माणूस दुसऱ्याची मदत करत आलाय तिथे ही गाडी आली की तो मदत करणारा माणूस बेकार होतो, त्याची काहीतरी सोय बघून ठेवा. आमच्याकडे ती आपोआप झाली. रेड ऑक्साइडपासून बोल्टपर्यंत गाडीचं सगळं बाबांनी अंगावर घेतलं, आणि रविवारी ते मागे बसतात, पिशवी मांडीवर धरून. आई चालवते. रस्त्यात कुणी हसलं तर बाबाच हात वर करून राम राम घालतात.

मासळीचं सांगते. आधी मासळी दारात यायची, म्हणजे टोपली सगळीकडे फिरून झाल्यावर जे उरेल ते, आणि आई पायऱ्या उतरून बघू शकत नाही हे माहीत असल्याने भाव पण तसाच. आता ती बंदरावर गाडी लावते, बायका टोपल्या घेऊन गाडीशी येतात, आई बसल्या जागेवरून बांगड्याचा कल्ला उघडून बघते आणि "हा कालचा हो" म्हणून परत टाकते. घरी मासळी सुधारली आहे, हे अतिशयोक्ती नाही.

आणि दुकानात. गाडीवर बसलेल्या बाईशी लोक थेट बोलतात, हे मला अजून नीट कळलेलं नाही की का. तीच आई, तोच पाय. पण क्रच घेऊन उभी असली की मला विचारतात आणि हॅंडल धरून बसली की तिला विचारतात.

गाडीने सुटलेलं नाही ते पण लिहायला हवं, नाहीतर जाहिरात होईल. गाडी दारापर्यंत नेते. दाराच्या पुढे पायऱ्या त्याच. देवळात लहानपणी आम्ही वर जायचो आणि आई खाली चपला राखत बसायची, आताही खालूनच नमस्कार, फक्त सीटवर बसून. गुहागरच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांपर्यंत जाता येतं, वाळूत गाडी घालू नका, मधलं चाक लगेच रुततं. आमच्या जवळच्या एका बँकेत रॅम्प आहे, पण तो असा खडा की त्यावरून सिलिंडर सुद्धा कुणी घरंगळवू नये. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते हा साधा नियम आहे, तिथे जेमतेम चार फूट असेल, वर टाइल्स, पावसात ओल्या. इमारती, वाहनं दिव्यांगांना वापरता यावीत म्हणून सुगम्य भारत नावाची सरकारी मोहीम ३ डिसेंबर २०१५ ला सुरू झाली होती, तिच्यातला हा रॅम्प असावा बहुतेक, फोटो काढण्यापुरता. वाचनालय पहिल्या मजल्यावर. घरची पाखाडी तर आहेच, तिथे एका बाजूने जीआयचा पाइप लावून घेतलाय आणि चिरे दर श्रावणात ब्लीचिंग पावडर टाकून घासतो, पण सामान खाली आणायला शेजारचा मुलगा लागतोच, आई त्याला हाक मारते, त्याबदल्यात त्याचं गणित घेते.

कॅलिपरचा पण एक मुद्दा, थोडा बाजूचा आहे पण लिहिते. गाडी आल्यावर चालणं कमी झालं, पायाला बरं वाटतंय, कॅलिपरही कमी झिजतोय आणि हे महत्त्वाचं आहे कारण तो दुरुस्त करणारे मिळत नाहीत. आईला लहानपणी आजोबा मुंबईला हाजी अलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेत घेऊन जायचे, तिथे कॅलिपर व्हायचे. भारतातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा पेशंट १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा, आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त असं सर्टिफिकेट मिळालं. चांगलंच झालं, ह्यात दुमत नाही. पण आईच्या पिढीचे हजारो लोक अजून आहेत आणि त्यांच्या कॅलिपरचं चामडं शिवणारा, लॉकची पिन बदलणारा माणूस म्हातारा होऊन घरी बसलाय. पावसात चामड्याला बुरशी आणि लॉकला गंज हे कोकणात ठरलेलं. ज्यांच्याकडे असा कारागीर अजून शिल्लक आहे त्यांनी त्याच्याकडून एक जोडी जादा करून ठेवा.

कुणी घेऊ नये ते पण सांगते. हाताची पकड कमजोर असेल, किंवा कंबरेचा तोल राहत नसेल, म्हणजे झाडावरून पडून कण्याला मार लागलेली माणसं आपल्याकडे आंब्याच्या वाड्यांमुळे पुष्कळ आहेत, त्यांनी ही अशी सरळ घेऊ नये, त्यांना पाठीला आधार आणि पट्टा असलेली सीट करून घ्यावी लागते, आणि संवेदना नसलेला पाय सायलेन्सरला लागून भाजला तरी कळत नाही, त्यासाठी जाळी लावून घ्या. आधी डॉक्टरला विचारा, मग गॅरेजला. आणि घरच्यांनी ठरवून, माणसाला नको असताना, घेऊ नका. एका ओळखीच्यांच्या घरी अशीच गाडी हार घालून आणली आणि ती शेडमध्ये कोंबड्यांना बसायला झाली आहे.

आईचे तीन स्टार का, ते राहिलं. एक तिने गंजासाठी कापला, तो माझ्यासारखाच. दुसरा हॉर्नसाठी. मला आधी हसायला आलं, पण तिचं म्हणणं बरोबर आहे. पायऱ्या असलेल्या प्रत्येक दुकानापुढे ती गाडी लावते आणि हॉर्न देऊन आतल्या माणसाला बाहेर बोलावते, किराणावाला, मेडिकलवाला, पोस्टमन, सगळे असेच. हॉर्न म्हणजे तिची हाक आहे, आणि ह्या गाडीला कंपनीचा जो हॉर्न येतो तो अगदीच मिणमिणा, मेडिकलवाल्याने फॅन लावला असेल तर त्याला ऐकूच जात नाही. मालकांना सांगितलं तर म्हणाले बाई, आजवर कुणी मागितलाच नव्हता, पुढच्या सर्व्हिसिंगला बदलून देतो. म्हणजे ते कधी होईल ते तुम्हाला कळलंच असेल. तुम्ही ऑर्डर देतानाच मोठा हॉर्न लिहून घ्या, ॲडव्हान्सच्या पावतीवरच लिहून घ्या.